आटणीची पट्टी

रात्रभर यंत्र चालू ठेवून निजले.
सकाळी पडद्यावर पिढी तीनशे बारा.

खानापूर रस्त्यावरच्या एका बसथांब्याचं छत,
त्याच्या पाच नळ्या जिथे येऊन मिळतात
तो एक सांधा.
एवढंच माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण.
मी फक्त अटी दिल्या होत्या:
घाटाकडून येणारा वारा, पत्र्याचं वजन,
आणि वर चढून बसणारी दोन पोरं,
ती हिरेमठ सरांनी घालायला लावली.
बाकी सगळं यंत्रच खोडत गेलं.
जिथे ताण नाही तिथलं लोखंड काढ,
पुन्हा मोज, पुन्हा काढ.
एका पिढीतले धड ते पुढच्या पिढीचे आईबाप,
उरलेले कुठे जातात ते यंत्र सांगत नाही.

शेवटी राहिलं ते हाडासारखं.

प्लास्टिकमध्ये छापून
उद्यमबागेत नेलं, मोनाप्पा बडिगेरांच्या शेडमध्ये.
लाकडाच्या भुश्शात पाय रोवून ते बसले होते.
हातात घेतलं, उलटं केलं,
कानाजवळ नेलं, का कोण जाणे.
“ह्यो कुणाचा गुडघा, बाई?”
मग पलीकडच्या मोल्डरला कन्नडमध्ये काहीतरी
आणि दोघं हसले.
मला एकच शब्द कळला: आगंगिल्ल.

का नाही होणार?
मी लॅपटॉप उघडला. वजन बेचाळीस टक्क्यांनी कमी.
ताणाचा नकाशा दाखवला,
निळं ते निवांत, पिवळं ते जरा जपून.
त्यांनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.
“हितं दुखूलालंय व्हय?”
हो, म्हटलं. तिथंच.

मग रेतीची पेटी.
काळी, ओलसर, काकवीच्या वासाची.
माझा गुडघा त्यांनी तिच्यात बसवला, ठोकला, चोपला,
आणि वर ओढला.
रेती त्याच्याबरोबर उठली. कडा ढासळल्या.
मागे राहिलेला खड्डा कशाचाच नव्हता.

“उतार न्हाई ह्याला.
भाईर पडायची वाट कुटं ठेवलीया?
आत जायला काय, कुणालाबी जमतंय.”

वहीत लिहिलं. अट सातवी:
प्रत्येक उभ्या अंगाला दीड अंश.
सहा अटींत मी वारा धरला होता, पोरंही धरली होती,
वस्तू कशातून जन्मणार
ते धरलंच नव्हतं.

तेवढ्यात त्यांची पट्टी दिसली.
पितळी, मधोमध झिजलेली.
सहज माझ्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली
तर जुळेना. शंभराला एक जास्त.
चुकलीय तुमची, मी म्हटलं.
“चुकल्याली न्हवं. लोखंडाची हाय ती.
निवताना आटतंय बगा लोखंड.
आटायच्या आदीचं माप हाय ह्यात.”
आणि सागाच्या तुकड्यावर त्यांनी रेघ मारली,
होणार त्याहून मोठी, अगदी बेफिकीर.

सात अटींचा सांधा जाड निघाला.
बेचाळीसचे एकतीस झाले.
सरांनी विचारलं, अकरा टक्के कुठे गेले?
रेतीतून बाहेर पडायला लागले, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला.

संदर्भसूची करताना अडले.
आडनाव, वर्ष, मग प्रकाशक.
बडिगेर, मो. इथपर्यंत नीट गेलं.
पुढे टाकलं: तोंडी, शेड क्रमांक नऊ,
आणि कर्सर किती तरी वेळ लुकलुकत राहिला.

गुरुवारी ओतलं.
शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही.
मग रेती झटकून सांधा माझ्यापुढे ठेवला,
काळा, खरबरीत, अजून कोमट.
मी माझी पट्टी लावली.
अर्धा मिलिमीटर सोडून जुळली.
तो अर्धा कुणाचा,
दोघांनीही विचारलं नाही.